ओकखालचं झाड

१

काप तिरका होता. पेराच्या वर बोटभर देठ राखून घेतलेला, आणि उतार कोंबाच्या डोळ्याच्या उलट्या बाजूला. रात्री दव पडलं तर पाणी कापावर साचणार नाही, खालच्या फुटव्यावरही ओघळणार नाही. साल कुठे चुरगळलेली नव्हती. कात्रीला धार होती आणि हाताला घाई नव्हती.

आर्डिथ केसलरने भिंग खिशात टाकलं आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली. तिच्यासमोरच्या उतारावर गांजाची तीसेक झाडं होती. कालपर्यंत ती माणसाच्या डोक्यावरून वर गेलेली, टोकाला निमुळती अशी उभी होती. आज रांगांतलं एकही तिच्या खांद्याच्या वर नव्हतं. प्रत्येकाचा मधला शेंडा गेलेला आणि बाजूच्या फांद्या बाहेर ओढून, खाली वाकवून खुंट्यांना बांधलेल्या.

"बाई, हे कोणी केलं तेवढं सांगा," डेल प्रुइट म्हणाला.

डोंगरावर सगळे तिला बाईच म्हणत. पायथ्याची शाळा मुलांअभावी बंद पडेपर्यंत ती तिथे विज्ञान शिकवत होती. त्यानंतर लोक पानांवरचे डाग, किडलेली मुळं घेऊन तिच्याकडे येत. डेल तिचा विद्यार्थी नव्हता. तो सॅक्रामेंटोहून आलेला. हा उतार त्याने आर्डिथ आणि तिचा नवरा लायल यांच्याकडूनच विकत घेतला होता, गांजाचा परवाना काढून, कुंपण घालून.

"कधी पाहिलंस?"

"सकाळी, पाणी सोडायला आलो तेव्हा. काल दुपारभर तर आपण सगळे खाली अग्निशमन केंद्रातच होतो. तुम्हीही होतात."

ती होती. पूर्वेच्या डोंगरातली आग इकडे वळली तर घरं कोणत्या रस्त्याने सोडायची, याची बैठक होती. ती लांबतच गेली. आर्डिथ घरी पोचली तेव्हा लायल खुर्चीत झोपला होता, हात चिकट आणि हिरवट काळे. "टोमॅटो," तो म्हणाला होता. तिने तेल लावून त्याचे हात पुसले होते आणि त्याला जेवायला बसवलं होतं.

"ऑगस्ट संपत आलाय," डेल म्हणाला. "तुरे धरायला लागल्यावर शेंडा गेला म्हणजे वर्षाचा सगळ्यात चांगला माल गेला. जूनमध्ये खुडला असता तर गोष्ट वेगळी. आणि जूनमध्ये खुडा म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं, तेही मला माहीत आहे."

कुंपणाशी उभ्या असलेल्या ओफेलिया झवालाकडे त्याने पाहिलं नाही, पण आवाज तिला ऐकू जाईल एवढा ठेवला. ओफेलिया दर हंगामात या उतारावर कामाला येई. शेताच्या कडेला चाकांवरचं एक जुनं घर होतं, त्यात राहत असे.

"संध्याकाळी मी शेरीफकडे तक्रार द्यायला जाणार," डेल म्हणाला. "तोवर तुम्ही काही वेगळं दाखवलंत तर बघू. नाहीतर हिने सामान बांधावं."

एकदा नाव शेरीफकडे गेलं की या डोंगरावर तिला कोणी कामाला ठेवणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"शेंडे कुठे आहेत?" आर्डिथने विचारलं.

"नेले असणार. चोर आणखी काय करतो?"

"नेले नाहीत," ओफेलिया कुंपणाकडून म्हणाली. "मला सापडलेत. मघापासून सांगतेय, पण ऐकून कोण घेतंय."

२

उताराच्या वरच्या अंगाला आणि कडेने खालपर्यंत मँझनीटाची दाट झुडपं होती, लाल गुळगुळीत खोडांची. ओफेलियाने एक फांदी उचलून धरली. खाली शेंडे ओळीने मांडलेले होते, कापलेली टोकं सगळी एकाच बाजूला, आणि वर वाळक्या पानांचा थर.

"बघा," डेल म्हणाला. "लपवून ठेवले. नंतर येऊन न्यायचे."

आर्डिथने एक शेंडा उचलला. तुऱ्याच्या चिकाला पाचोळा चिकटून बसला होता. "विकणारा माणूस यावर पाला टाकील? हे आता कोणी फुकट घेणार नाही."

"मग सूड."

"सूड घेणारा कमरेतून तोडून टाकतो. इतक्या प्रेमाने कापत नाही."

डेलने तोंड वाकडं केलं. "तुम्ही तिच्या बाजूने बोलताय."

"मी देठाच्या बाजूने बोलतेय. भांडण काय झालं होतं ते सांग."

ते साधं होतं. ओफेलियाचं म्हणणं, जूनमध्ये शेंडे खुडावेत, फांद्या वाकवून बांधाव्यात, म्हणजे झाड बुटकं आणि पसरट राहतं, आतपर्यंत ऊन पोचतं, शरदातल्या वाऱ्यात मोडत नाही. डेलला उंच झाडं हवी होती. त्यांचे फोटो चांगले येतात, असं तो आताही म्हणाला आणि मग जरा ओशाळला.

आर्डिथ रांगांमधून खाली चालत गेली. हवेत धूर होता, सूर्य तांबूस आणि बोथट. वाकवलेल्या फांद्यांची टोकं एका दिवसात वर वळू लागली होती. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की बाजूची प्रत्येक फांदी आपणच शेंडा असल्यासारखी उजेडाकडे मान उचलते. वर्गात ती हे फळ्यावर काढून दाखवायची.

कोपऱ्यात एक जुना ओक होता. त्याच्या पसाऱ्याखाली एक झाड उभं होतं, उजेड शोधत गेलेलं, बारीक आणि सगळ्यांत उंच. त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

"हे का सोडलं?" तिने विचारलं.

"दिसलं नसेल," डेल म्हणाला.

आर्डिथने मागे वळून पाहिलं. फाटकातून आत आलं की सगळ्यांत आधी हेच झाड दिसत होतं.

३

ओफेलियाने स्टोव्हवर घेवड्याचं भांडं ठेवलं होतं. तिच्या घरात एकच खुर्ची होती. ती तिने आर्डिथला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली.

"मी भांडले, हे खरं आहे," ती म्हणाली. "सगळा जून भांडले. त्याला म्हटलं, बाबा रे, ही झाडं आहेत, झेंड्याच्या काठ्या नाहीत. पण आता, तुरे आल्यावर? मला वेड लागलंय का? वर्षभर जपलेल्या पोराचे कान कापल्यासारखं आहे ते."

"काल बैठकीत तू शेवटपर्यंत नव्हतीस."

ओफेलियाने वाकून स्टोव्हची आच कमी केली. "तुम्हीही बघितलंत ते."

"मला नाही वाटत तू केलंस. पण डेल विचारील."

"नदीवर गेले होते, गाडीत बसून राहिले. तिथे सगळे आपापल्या माणसांना धरून बसले होते, कोण कोणाला गाडीत घेणार, कोण कोणाची कुत्री सांभाळणार. कागदावर माझं नाव कोणाच्या घराखाली लिहायचं ते कोणालाच कळेना. म्हटलं, तुमचं चालू द्या." तिने भांडं ढवळलं. "नदीने मला पाहिलं. तिला साक्षीला बोलवा."

आर्डिथ हसली नाही. तिने खिशातून फांदी बांधलेली एक चिंधी काढली. ती तिने मघाशी सोडवून घेतली होती. "ही तुझी?"

"छे. आम्ही पिवळी फीत वापरतो, ताणली जाणारी. ही कापडाची आहे. आणि रंग बघा, मातीसारखा." ओफेलियाने गाठ निरखली. "बांधलंय मात्र छान. सैल ठेवलंय, देठ जाड झाला तरी कापणार नाही. आजकाल असं कोण बांधतं?"

आर्डिथची बोटं चिकाने काळी झाली होती. ती बेसिनकडे साबणाला हात घालणार तोच ओफेलियाने तेलाची बाटली पुढे केली.

"साबणाने काय होणार, बाई? टोमॅटोचा डाग साबणाला घाबरतो. हा कोणालाच घाबरत नाही. याला तेलच लागतं."

आर्डिथने तेल घेतलं, बोटांवर चोळलं. मग चोळणं थांबवून ती हाताकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही," आर्डिथ म्हणाली. "मला हे माहीत होतं."

४

तरीही ती आधी हचकडे गेली. घराकडची वाट डावीकडे होती. ती उजवीकडे वळली.

हच पॉमेरॉयचं डेलशी तळ्यावरून वाकडं होतं. तळं दोघांच्या हद्दीवर, आणि डेलची उंच झाडं पाणी फार पितात अशी हचची तक्रार. आर्डिथला त्याच्यात दोष सापडायला हवा होता. चालताना तिच्या लक्षात आलं की आपण तशी आशाच करतो आहोत.

"ये, बस," हच ओसरीवरून म्हणाला. तो हरणाच्या मांसाच्या पट्ट्या वाळत घालत होता. "मला आरोपी करायला आलीस ना? डेल येऊन शिव्या घालून गेलाय."

"काल कुठे होतास?"

"तुला पॅनकेक कोणी वाढले? माझ्या भुताने?"

तिला आठवलं. बैठकभर तो केंद्राच्या चुलीपाशी होता.

"तळ्याचं काय?"

"तळं काल अर्धं झालं. आग विझवणाऱ्यांचं हेलिकॉप्टर दुपारभर बादली बुडवून पाणी नेत होतं. माझ्या बायकोने घरी राहून पाहिलं. म्हणाली, डेलच्या उतारावरून इतकं खालून जायचं की कौलं थरथरायची." हचने हात पुसले. "खरं सांगू? एवढी वर्षं झाली, पण तो आवाज आला की अजून माझे पाय झुडपात पळायला बघतात."

आर्डिथने चिंधी त्याच्या हातात ठेवली.

हचने ती उजेडात धरली. मग नाकाला लावली. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू गेली.

"कॉफी," तो म्हणाला. "कॉफीत उकळलेली आहे. धाडीच्या दिवसांत, गांजा बेकायदा होता आणि पोलीस हेलिकॉप्टरमधून शोधायचे तेव्हा, आपण करायचो, वरून काही चमकू नये म्हणून. माझ्या सगळ्या मी कधीच जाळल्या. आता परवाने आलेत, फोटो काढतात लोक. कोण कशाला उकळील?"

"तेच विचारतेय."

त्याने चिंधी नीट घडी करून तिला परत दिली. तिच्याकडे न बघता पट्ट्या पुन्हा सरळ करू लागला.

"लायल कसा आहे, आर्डिथ?" त्याने विचारलं.

५

ती डेलच्या उताराच्या माथ्यावर चढली आणि मँझनीटाच्या मागे जाऊन उभी राहिली.

इथून ते स्पष्ट दिसत होतं. झाडं जमिनीपासून एका उंचीवर कापलेली नव्हती. वरच्या रांगेत झुडपं बुटकी होती, तिथे झाडंही बुटकी. खाली झुडपं उंच होत गेली होती, तशी झाडंही थोडी उंच राखली होती. कापांची रेघ झुडपांच्या माथ्यावरून जात होती. वरून पाहणाऱ्याला सगळा उतार म्हणजे सलग रान दिसावं, एवढंच कापणाऱ्याला हवं होतं. शेंडे त्याने पाल्याखाली झाकले, कारण कापलेली हिरवी रास आकाशातून उठून दिसते. ओकखालचं झाड त्याने सोडलं, कारण त्याला ओकने आधीच झाकलेलं होतं.

तो चोर नव्हता आणि वैरीही नव्हता. हेलिकॉप्टर आलं, म्हणून कोणीतरी पीक वाचवलं होतं. फक्त ती धाड कधीच येणार नव्हती, आणि उतार आता त्याचा नव्हता.

टोमॅटो असते तर साबण पुरला असता. काल संध्याकाळी साबणाची वडी बेसिनवरच होती. तिने कपाट उघडून तेल काढलं होतं. हाताला माहीत होतं. डोक्याला कळू दिलं नव्हतं.

घरी लायल मागच्या दारात, पायरीवर बसला होता. त्याने पांढरा सदरा घातला होता. तो उठून आत जायला वळला, तेव्हा सदऱ्याची मागची बाजू कमरेशीच संपलेली तिला दिसली. कडेला कात्रीची सरळ रेघ होती. स्वयंपाकघरातलं कॉफीचं मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. काल तिने ते पाहिलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं, लायलने स्वतःहून काही घासलं म्हणून.

"लायल, काल तू काय केलंस?"

तो आठवायला लागला. त्याला आठवताना बघणं तिला अलीकडे सोसत नसे. ती बहुधा त्याच्याआधी शब्द पुरवायची. आज तिने पुरवला नाही.

"ते आले होते," तो शेवटी म्हणाला. "खालून गेले, आर्डी. तू नव्हतीस. मी एकट्याने सगळी खाली आणली. तुला हाका मारल्या खूप."

तिने त्याचा हात धरला. नखांच्या कडांना अजून काळी रेघ होती.

"एकही दिसलं नाही त्यांना," तो म्हणाला.

६

तिने त्याला सोबत नेलं. घरी एकटं ठेवायचं नाही, हे आता तिने स्वतःशी मान्य केलं होतं.

डेल गाडीच्या चाव्या हातात घेऊनच उभा होता. ओफेलियाची एक पेटी दाराबाहेर आली होती. आर्डिथने दोघांना ओकखाली बोलावलं आणि क्रमाने सांगितलं: काप, पाला, चिंधी, झुडपांच्या माथ्याची रेघ, हे सोडलेलं झाड. वर्गात सांगायची तसंच, आवाज न चढवता. शेवटचं वाक्य सांगायला मात्र तिला थांबावं लागलं.

"लायलने केलं," ती म्हणाली. "त्याला वाटलं, आपला उतार आहे आणि आपले जुने दिवस आहेत. तो विसरभोळा झालाय असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले. विसरभोळा नाही तो. आजारी आहे. आणि मी त्याला काल दुपारभर एकटं सोडलं होतं."

डेलने चाव्या खिशात ठेवल्या, पुन्हा काढल्या. लायल तेवढ्यात एका फांदीची गाठ तपासत होता, बोट आत सरकतं का ते पाहून.

"पोरा, ही थोडी सैल करत राहा दर आठवड्याला," तो डेलला म्हणाला. "नाहीतर चावेल देठाला."

"बरं," डेल म्हणाला. "करीन."

"सगळं गेलेलं नाही," आर्डिथ म्हणाली. "नवे फुटवे आता येणार नाहीत, पण बाजूच्या टोकांना ऊन मिळेल. ती भरतील. चिंध्या सोडू नकोस."

डेल ओफेलियाकडे वळला. "मी चुकलो. माफ कर."

"माफी ठेव तुझ्याजवळ," ओफेलिया म्हणाली. "माझा नळ मे महिन्यापासून गळतोय, तो दुरुस्त कर. आणि आगीच्या कागदावर माझं नाव तुझ्या घराखाली लिही, स्पष्ट अक्षरात."

डेलने मान हलवली. ओफेलियाने पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन लायलला विचारलं, "घेवडा खाणार का, दादा? पुष्कळ केलाय." तो लहान मुलासारखा लगेच तिच्या पायरीवर जाऊन बसला.

डोंगरावर फोन फक्त पाण्याच्या टाकीपाशी लागत असे. आर्डिथ तिथवर चढून गेली. खाली धुरात डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या. कुठे गाडी नव्हती, कुठे कुत्रं भुंकत नव्हतं. चाळीस वर्षं हेच तिला आवडत आलं होतं.

तिची मुलगी टॅन्सी युरेका शहरात राहत होती. तिने तळमजल्यावरची खोली या दोघांसाठी कधीची रिकामी करून ठेवली होती, दर रविवारी त्याबद्दल विचारायची, आणि दर रविवारी एकच उत्तर ऐकायची.

"आई? आज तर रविवार नाही. आग आली का तिकडे?"

"नाही. सगळं ठीक आहे." मग ती म्हणाली, "ठीक नाही."

टॅन्सीच्या मागे रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

पूर्वेकडून हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली. खाली पायरीवर लायलने ताटली बाजूला ठेवलेली आर्डिथला दिसली. तो उभा राहून आकाशाकडे बघत होता. मग इकडेतिकडे. मग त्याने हाक मारली. शब्द वरपर्यंत पोचले नाहीत, पण तो कोणाला हाक मारतोय ते तिला ठाऊक होतं. ओफेलियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हाका मारतच राहिला.

"आई, मी काही विचारत नाही," टॅन्सी म्हणाली. "तू सांगणारच, कापणीनंतर बघू म्हणून. दरवर्षी कापणी असते."

"कापणीनंतर नाही," आर्डिथ खाली उतरता उतरता म्हणाली, फोन तुटायच्या आत, मोठ्याने. "त्याआधी. या आठवड्यात. टॅन्सी, मी त्याला घेऊन येतेय. आम्ही डोंगर सोडतोय."